शोभाकाकूंचा उतरलेला ऑर्गन

परवा नल्लकुंट्याहून शोभाकाकूंचा फोन आला. मुलाकडे पुण्याला कायमच्या निघाल्यात, फ्लॅट रिकामा करतायत… "तुझा तो बाजा नेतेस की भंगारवाल्याला देऊ?" मी गॅस बंद केला आणि तारनाक्याहून रिक्षा पकडली.

तो बाजा अजून आहे हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, केव्हाच मोडीत गेला असेल.

बाजा म्हणजे जुना इलेक्ट्रिक ऑर्गन, लाल-काळा, पाय घडी केले की मोठ्या सुटकेससारखा दिसणारा. काकूंच्या यजमानांनी एका हॉटेलच्या ऑर्केस्ट्राकडून हौसेनं घेतला होता. काकू त्यावर भजनी मंडळाची साथ करायच्या आणि गायची माझी आई. एकाच बिल्डिंगमधल्या दोघी जिवलग मैत्रिणी… दिवसातून एकदा तरी भांडायच्या.

नव्वदीच्या सुरुवातीला घरोघरी केबल आलं आणि माझं डोकं फिरलं. मी कॉलेजात होते. टीव्हीवर परदेशातले न्यू वेव्ह बँड दिसायचे… कोट घातलेली किडकिडीत पोरं, किणकिणती गिटार आणि मागे पिपाणीसारखा वाजणारा ऑर्गन. हा आवाज तर काकूंच्या हॉलमध्ये आहे, असं मी दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगितलं.

मलकपेठचा फिरोज माझ्या वर्गात होता. त्याच्याकडे मामूंची जुनी, पोकळ पोटाची गिटार होती. आणखी दोघं मिळाले आणि काकूंच्याच हॉलमध्ये आमचा बँड सुरू झाला. ऑर्गनचे काही कान पिळता येत नाहीत, म्हणून फिरोजच गिटारच्या तारा त्याच्याशी जुळवून घ्यायचा.

तो आवाज कसा होता ते सांगता येत नाही मला. नाचायची गाणी असायची, पण आत कुठेतरी उदास… टीव्हीवरच्यांसारखी हुबेहूब कधीच वाजायची नाहीत, आणि आम्हाला तेच आवडायचं.

आई म्हणायची, "ओरडता खूप, पण सुरात ओरडता." शेजारी भाजी निवडत बसायची आणि आमच्या गाण्यावर खुशाल अभंग गुणगुणायची. तो बरोब्बर बसायचा, म्हणून तर आम्ही जास्तच चिडायचो.

मग खुल्या बाजाराचा मालही येऊन पोचला. आबिड्सच्या दुकानांत जपानी कीबोर्ड आले, एका बटणावर बासरी, दुसऱ्यावर व्हायोलिन. आम्हीही एक घेतला आणि ऑर्गन काकूंच्या पलंगाखाली गेला. फिरोज कॉम्प्युटर शिकून शिकागोला गेला. बँड बंद पडला हे कुणी कुणाला सांगितलंसुद्धा नाही.

तेव्हापासून आम्ही दोघं तो आवाज शोधतोय. मी मुलाच्या कीबोर्डवर वाजवून त्याला पाठवते, तो गिटार वाजवून मला पाठवतो. दरवेळी त्याचं उत्तर ठरलेलं… "सब बराबर है यार, वो बात नईं आरी." आई गेल्यापासून तर मी या आवाजाच्या मागेच लागले होते. घरचे हसायचे.

तर परवा काकूंच्या हॉलमध्ये, बांधलेल्या खोक्यांच्या मधोमध, तो ऑर्गन लावला. काही पट्ट्या मुक्या झाल्यात, पण पहिल्याच सुराला अंगावर काटा आला. हाच तो. सहज म्हणून फोनवर सूर तपासायचं ॲप लावलं, तर एकूण एक सूर खाली. सगळे सारखेच खाली.

"काकू, हा बिघडलाय का हो?"

"बिघडला नाही, उतरवून घेतला," काकू भांडी गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या. "मला पांढरी एक सोडून दुसरी पट्टी वाजवता यायची नाही, आणि तुझ्या आईचा गळा तिथवर चढायचा नाही. मी दुसरी पट्टी शिकेना, ती दुसरी पेटीवाली बघेना. परेशान झालो नुसतं. शेवटी तीच बोलली, 'शोभा, बाजाच उतरव ना.' मग रेडिओवाल्याला बोलावलं. तिला समोर बसवून गायला लावलं, आणि एकेक सूर तिच्या गळ्याला लावून घेतला."

म्हणजे फिरोजची गिटार ऑर्गनला जुळलेली आणि ऑर्गन आईला. परदेशी बँडांची नक्कल आम्ही आईच्या पट्टीत करत होतो… आणि ती शेजारी बसून गुणगुणत होती. मी तिथेच खोक्यावर बसून रडले. काकूंनी पाण्याचा पेला आणून दिला.

फिरोजला रेकॉर्डिंग आणि सगळी हकिकत पाठवली. त्याचं एवढंच आलं… "हौ, यहीच. अब मैं भी गिटार उतारतूं."

आज मुक्या पट्ट्या दुरुस्त करायला एक भाई घरी आले होते. त्यांनी दोनचार सूर वाजवून पाहिले. "मॅडम, पूरा बाजा उतर गया. चढादूं क्या?"

"नक्को भाई," मी म्हटलं. "मेरी अम्मा इत्तेच में गाते थे."