त्रेसष्ट वाड्या, पंचवीस नावं

गेल्या वैशाखात माझ्या थोरल्या बहिणीच्या वाडीला दोन दिवस टँकर मिळाला नाही. कारण मी लिहिलेल्या चार ओळी.

ताई आरे-वारेच्या वरच्या सड्यावर राहते. कातळावरची अकरा घरं. मार्च सरला की विहीर तळाला जाते. मग उतारावरच्या विहिरीवरून हंडे वाहायचे, नाहीतर टँकरची वाट बघायची. टँकर एक संस्था पाठवते. पूर्वी तिथले व्यवस्थापक सकाळी अर्जांची वही उघडून बसत. आता ते एआय एजंटला विचारतात, 'आज कुठल्या वाड्यांना पाणी द्यायचंय?' एजंट एका टूलकडून, म्हणजे अर्जांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामकडून, यादी मागवतो आणि त्यांना सांगतो. हे टूल काय देतं, कसं वापरायचं, याचं वर्णन एजंटसाठी मराठीत लिहायचं काम माझ्याकडे होतं. घरी बसून मी असलीच कामं करतो.

लिहिलं होतं ते असं: 'हे टूल अर्ज केलेल्या वाड्यांची यादी देते. एका वेळी जास्तीत जास्त पंचवीस नावे येतात. यादी उरली असल्यास शेवटी पुढची खूण येते. उरली नसल्यास खूण रिकामी येते.' खूण म्हणजे टूलने दिलेली अक्षर-आकड्यांची एक ओळ. आकडा बरोबर, वाक्यं बरोबर. चारदा तपासलं होतं.

संस्थेने ते वापरायला घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ताईचा फोन आला.

"मेल्या, टँकर आमच्या समोरून सरळ पुढे गेला! काल पण तेच. हात केला तर ड्रायव्हर म्हणतो, तुमचं नाव नाही."

"अर्ज दिलेलास ना?"

"नाही, लोणचं घातलं त्याचं! ऑफिसात विचारलं. म्हणे कॉम्प्युटर सांगतो, एकूण पंचवीस वाड्या, त्यात तुमची नाही. ते तूच लिहितोस ना? मग ये इकडे, हंडे वाहायला."

मी टूल बनवणाऱ्या पुण्याच्या मुलीला फोन लावला.

"काका, टूल बरोबर आहे," ती म्हणाली. "अर्ज त्रेसष्ट आहेत. तीनदा मागवायला हवेत. एजंट एकदा मागवून थांबतो."

"मग सांग की त्याला!"

"ते तुमचं काम, काका. तो तुमचं वर्णन वाचूनच चालतो."

"त्यात स्पष्ट लिहिलंय, खूण येते म्हणून."

"येते हे लिहिलंय. आल्यावर काय करायचं ते कुठंय?"

मी चिडून फोन ठेवला. खूण आली की पुढचं मागवायचं, हेही सांगायचं? उद्या म्हणतील, दार ढकलल्यावर आत जायचं हेही लिहा.

तेवढ्यात ताईने पुरावा म्हणून अर्जाच्या प्रतीचा फोटो पाठवला. एकच बाजू. मी लगेच फोन केला. "मागची बाजू कुठाय?"

"तुला कोणी सांगितलं मागे आहे म्हणून?"

"खाली 'कृ.मा.प.' लिहिलंयस की."

म्हटलं आणि माझं मलाच उमगलं. कोपऱ्यातली ती तीन अक्षरं दिसली की आपण कागद उलटतो, कारण कधीतरी शाळेत बाईंनी फळ्यावर पूर्ण लिहून दाखवलेलं असतं: कृपया मागे पहा. एजंटला मी नुसती अक्षरं दिली होती.

सुधारून लिहिलं, 'खूण आल्यास पुढचे पान मागवावे.' एजंटने खूण बाजूला ठेवली आणि स्वतःच्या मनाने 'पान २' मागितलं. टूलला पानाचा आकडा कळत नाही, खूणच लागते; त्याने नाकारलं. त्यावर एजंटने चार ओळींत अदबीने माफी मागितली आणि पुन्हा सांगितलं, एकूण पंचवीस. त्या माफीने माझं डोकं जास्त तापलं.

मग लहान मुलाला बाजारात पाठवताना सांगतात तसं लिहिलं. 'खूण आली म्हणजे यादी अपुरी आहे. तीच खूण, एकही अक्षर न बदलता, परत देऊन पुढची नावे मागवा. खूण रिकामी येईपर्यंत मागवत राहा. तोवर एकूण आकडा सांगू नका आणि एखादी वाडी यादीत नाही असेही म्हणू नका.'

पंचवीस, पंचवीस, तेरा. तरी कागदावर बेरीज केली. त्रेसष्ट. ताईची वाडी अठ्ठावन्नावी.

व्यवस्थापकांना कळवलं. ते म्हणाले, आजच्या गाड्या गेल्या, उद्या पहिला टँकर तिथे. ताईला फोन करून सगळं समजावलं.

"उद्या," ताई म्हणाली. "म्हणजे आज परत हंडेच."

मी स्कूटरला दोन रिकामे हंडे बांधून सड्यावर गेलो. विहिरीपासून घरापर्यंतची चढण मी विसरलो होतो. दुसऱ्या खेपेला हंडा उतरवून पायरीवर बसलो.

"किती झाल्या?" ताईने विचारलं.

"दोन."

"मी पुरे म्हटलं का?"

"नाही."

"मग आणत राहा."