हसनभाईंच्या नावावर चढवलेला नंबर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवालाही नाही — देवापुढे हात जोडले की मी घाईघाईने दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. वाचून झाल्यावर तुम्ही माझ्या दुकानात येऊन माझ्या तोंडाकडे बघणार नाही. म्हणजे बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

मी रागीट आहे, हेही आधीच सांगून ठेवते. इंदापुरात आमचं शेतीच्या अवजारांचं दुकान आहे — फवारणीचे पंप, गवत कापायच्या मशिनी, लाकूड कापायच्या मशिनी, त्यांचे सुटे भाग. वडिलांच्या माघारी ते मी चालवते. काउंटरवर बाई बघून कुणी जास्त शहाणपणा केला, तर तो पायऱ्या उतरून रस्त्याला लागेपर्यंत मी त्याला ऐकवते. सगळा बाजार म्हणतो, ताईंच्या तोंडाला लागू नये. तर अशी ही तोंडाळ बाई — नेमकं जिथे तोंड वाजवायला हवं होतं, तिथे काय केलं तिने? गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी बोलले. काय बोलले, तेच सांगायचं आहे, आणि तेच जिभेवर येत नाही.

आधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. प्रत्येक मशिनीवर पत्र्याची बारकी पट्टी असते, तिच्यावर नंबर कोरलेला असतो. मशीन विकली की तो नंबर कंपनीच्या ॲपमध्ये टाकायचा, पुढे गिऱ्हाइकाचं नाव, गाव, मोबाइल, आधार कार्डाचा फोटो. गिऱ्हाइकाला ओटीपी येतो, तो टाकला की वॉरंटी सुरू. याला आम्ही ‘नंबर चढवणं’ म्हणतो. पण कंपनी महिनाअखेरीला किती नंबर चढले ते बघते, किती मशिनी विकल्या ते नाही. मग दुकानदार काय करतो? न विकलेल्या मशिनींचे नंबर जुन्या गिऱ्हाइकांच्या नावावर चढवतो. नाव-पत्ता-आधार आपल्या कॉम्प्युटरमध्ये असतंच. फक्त ओटीपी मागायचा. सगळे करतात. कंपनीचा एरिया मॅनेजर स्वतः शिकवून जातो — ‘मॅडम, जुनी पार्टी बघा ना एखादी, चढवून टाका.’

आमची जुनी पार्टी म्हणजे हसनभाई.

कळंबचे. झाडांच्या फांद्या छाटायचं काम करायचे. वालचंदनगरपासून बावड्यापर्यंत कुणाच्या बंगल्यावर चिंच झुकली, कुणाच्या आंब्याची फांदी तारेला लागली, की हसनभाईंना बोलावणं जायचं. शिडी, दोरी आणि कोयता. झाडावर चढण्याआधी खोडाला हात लावून ते कपाळाला लावायचे. घरात बायकामाणसं एकटी असली तरी लोक त्यांच्यासाठी निर्धास्त फाटक उघडायचे, आणि त्यांचा सगळा धंदा त्या उघड्या फाटकावर चालायचा. त्यांनी माझ्याकडून गवत कापायची मशीन नेली होती, बंगल्यांची आवारं साफ करायला. आधार कार्ड मागितलं तेव्हा म्हणाले होते, ‘ह्ये कशापायी लागतंय, ताई? गवतच कापायचं हाय न्हवं?’ मी हसून म्हटलं होतं, कंपनीकडे राहतं हो, कुणाला दाखवत नाहीत. कंपनीच्या फॉर्मच्या तळाला मुंगीच्या अक्षरात लिहिलेलंच असतं — आपली माहिती गोपनीय राहील.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, अशाच एका महिनाअखेरीला, मला थोडेच नंबर कमी पडत होते. स्कीम होती — डीलरला कुटुंबासह गोव्याची सहल. मी हसनभाईंना फोन लावला. म्हटलं, तुमच्या मोबाइलवर एक आकडा आलाय बघा, तेवढा सांगा. कसला, का, काही विचारलं नाही. ‘थांबा हां ताई, सूनबाईला वाचाया सांगतो,’ म्हणाले. सुनेने वाचला, त्यांनी मोठ्याने एकेक आकडा मला पोचता केला, आणि वर विचारलं, ‘बराबर हाय का?’ बरोबर होता. लाकूड कापायच्या एका मशिनीचा नंबर मी त्यांच्या नावावर चढवला. ती मशीन माझ्या दुकानातच होती, पंपांच्या खोक्यांमागे.

पुढे ती मशीन एका गिऱ्हाइकाने नेली. रोख दिले, बिल नको म्हणाला. नंबर आधीच चढलेला, मला तरी बिल कुठे फाडायचं होतं? कोण होता तो? मला चेहराही आठवत नाही. खरंच आठवत नाही. माल गेला याचाच आनंद झाला होता मला.

बावड्याला एका बंगल्याच्या आवारात चंदनाचं झाड होतं. ते कापून नेलं. कुत्री भुंकली, माणसं उठली, चोर ओंडका घेऊन उसातून पळाले आणि मशीन तिथेच टाकून गेले. पोलिसांनी पट्टीवरचा नंबर बघितला आणि कंपनीला मेल केला — ही मशीन कुणाची?

आता माझा राग ऐका. गिऱ्हाइकाचा बिघडलेला पार्ट बदलून द्यायला हीच कंपनी मला महिनोन् महिने झुलवते. फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, परत पाठवा. पोलिसांच्या मेलला मात्र त्याच दुपारी उत्तर! नाव, गाव, मोबाइल, आधारचा फोटो — ताटात वाढून दिलं. चोरी झाली तर पोलिसांनी विचारू नये का? विचारावं. कंपनीने मदत करू नये का? जरूर करावी. पण अरे, उत्तर देण्याआधी एक फोन तरी कराल की नाही दुकानदाराला? महिनाअखेरीला चढवलेल्या नंबरांत किती नावं खोटी असतात, हे तुमच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक आहे? तुम्हीच शिकवलंत ना? मग उत्तरात एक ओळ लिहायला काय झालं होतं, की बाबांनो, हे नाव दुकानदाराने टाकलेलं आहे, खात्री करून घ्या? नाही लिहिली. लिहिली असती तर स्कीमचं बिंग फुटलं असतं. दर दिवाळीला आम्हाला कॅलेंडर पाठवतात, ‘ग्राहक हेच दैवत’ छापलेलं. दैवत उचलून जीपमध्ये घातलं, तरी यांनी हूं का चूं केलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि दोर कुणी वळला होता? थांबा. सांगते.

पोलिसांची जीप दुकानासमोर थांबली तेव्हा दुपारची गर्दी होती. हवालदार आत आला आणि त्याच्या मागे हसनभाई. अंगात कामाचाच सदरा, त्याला झाडाचा चीक लागलेला. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर केवढा उजेड पडला! आता सुटलो, असा. अख्ख्या जगात एकच माणूस होतं जे त्यांना सोडवू शकत होतं, आणि त्यांना वाटलं, ते माणूस भेटलं.

‘ताई, सांगा की ह्यांस्नी. मी गवताची मशीन न्हेली तुमच्याकडनं. लाकडाची कवाच न्हाय न्हेली.’

हवालदाराने नंबर लिहिलेला कागद माझ्यापुढे सरकवला. मी तो ॲपमध्ये टाकला. कशाला टाकला? मला पाठ होता की नाही ते सोडा, कंपनीने त्या उत्तराची प्रत मला मेलवर पाठवली तेव्हाच मला कळून चुकलं होतं. एरिया मॅनेजरचा फोनही येऊन गेला होता — ‘मॅडम, रेकॉर्डला आहे तेवढंच बोला. जास्त बोललात तर एजन्सी जाईल, आणि खोटी नोंद केली म्हणून तुम्हीच आत जाल.’ तरी मी स्क्रीनकडे बघत बसले, जणू मला नव्यानेच कळतंय. नाटक केलं हो, दुसरं काय!

आणि मग मी बोलले.

‘नोंद तर तुमच्याच नावावर आहे, हसनभाई.’

बघा किती सफाईदार आहे. एक शब्द खोटा नाही. ‘यांनी मशीन नेली’ असं मी म्हटलंच नाही. नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होते — मी खोटं बोलले नाही, मी फक्त नोंद सांगितली. शी! खोटं बोलणाऱ्याला निदान आपण खोटं बोललो एवढं तरी कळतं.

हवालदाराने विचारलं, ‘ओटीपी तूच दिलतास न्हवं?’ हसनभाई म्हणाले, ‘व्हय. दिलता की.’ मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही उलटून ओरडता आलं असतं, भांडण मला जमतं. पण ते हवालदाराकडे वळून म्हणाले, ‘ताई म्हणत्यात तर असंल सायेब. ताई खोटं कशाला बोलत्याल? माज्याच ध्यानात ऱ्हायलं नसंल कायतर.’

त्यांनी स्वतःवर अविश्वास दाखवला, माझ्यावर नाही. आणि मी काउंटरवरून हललेसुद्धा नाही. जीप गेली. पुढच्या गिऱ्हाइकाला मी पंपाचा वॉशर काढून दिला.

नंतरचं सगळं तुम्हाला अंदाजाने कळेलच. कोठडी, मग जामीन. बावड्याच्या त्या बंगल्यात हसनभाईंनी पूर्वी चिंच छाटली होती, तेही निघालं. म्हणजे वाट माहीत असलेला माणूस! नाव हसन म्हटल्यावर पुष्कळांना पुढे काही विचारायची गरजच वाटली नाही. आमच्या दुकानातच लोक म्हणायचे, बघा ताई, वरनं किती गरीब दिसायचा. मी काय म्हणायचे? मान हलवायचे. तेवढी मान मी हलवली नसती तरी चाललं असतं, पण हलवायचे.

फाटकं बंद झाली. झाड छाटायचं म्हणजे आवारात घ्यावं लागतं, आणि चोरीच्या केसमधल्या माणसाला आवारात कोण घेतंय? आता ते माळेगावला, साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या लागतात तिथे पडेल ते काम करतात, असं कळलं. जमिनीवरचं काम. गोव्याला आम्ही गेलो, हेही सांगून टाकते. बीचवर फोटो काढले. नवरा म्हणाला, तू हसत का नाहीस? मी त्याच्यावरच खेकसले.

राग कुणाचा येतो मला? कंपनीचा येतो, पोलिसांचा येतो, त्या मॅनेजरचा तर नाव काढलं तरी डोकं फिरतं. सगळे खरोखर रागावण्याच्या लायकीचे आहेत. पण मला माझं चांगलंच माहीत आहे. मी त्यांच्यावर एवढी ओरडते, कारण ओरडायची थांबले तर ते वाक्य ऐकू येतं. कंपनीला हसनभाई कोण ते माहीत नव्हतं. पोलिसांनाही नव्हतं. मला माहीत होतं. त्या वेळी दुकानात उभ्या असलेल्यांपैकी मला एकटीलाच माहीत होतं.

गेल्या महिन्यात कोर्टात साक्ष झाली. सरकारी बाजूची साक्षीदार मी — मशीन माझ्या दुकानातली ना! शपथ घेतली. वकिलांनी विचारलं, ही नोंद तुमच्या दुकानातून झाली का? हो. कुणाच्या नावावर? मी नाव सांगितलं. वकील कागद चाळत थांबले. कितीतरी वेळ. तेवढ्या वेळात मला सगळं सांगता आलं असतं. न्यायाधीश माझ्याकडेच बघत होते. मी म्हटलं, ‘जे रेकॉर्डला आहे तेच.’ मॅनेजरची भाषा, माझ्या तोंडून.

निकाल अजून लागायचा आहे. खरं सांगायला अजून उशीर झालेला नाही, हे मला कुणी सांगायला नको. हे मी इथे लिहिते आहे, कोर्टात नाही, हेही मला कळतं.

साक्षीच्या कागदावर सही करून मी बाहेर व्हरांड्यात आले. तिथल्या एकुलत्या बाकावर हसनभाई बसले होते, पुढची तारीख कळायची वाट बघत. खूप वाळले आहेत. मला बघून ते लगबगीने उठले आणि खांद्यावरच्या पंच्याने त्यांनी बाकावरची धूळ झटकली.

‘बसा ताई,’ म्हणाले. ‘आमच्यापायी तुमचा दुकानाचा दिस मोडला.’

मी बसले.