मळीतलं उंच जोतं

अर्जुना मूळचा वडूजकडचा. गावाकडं पिण्याच्या पाण्याचीच मारामार, म्हणून विशीतच बायकोला घेऊन सांगलीला आला. गवंड्यांच्या हाताखाली माती कालवता कालवता स्वतःच मिस्त्री झाला. पंधरा वर्षांत त्यानं कितीतरी घरं उभी केली. राहायला मात्र हळदीच्या जुन्या वखारीत पत्र्याचे आडोसे घालून काढलेली एक खोली, तीही भाड्याची.

बेचाळीस साली मुंबईवर बॉम्ब पडणार अशी हूल उठली आणि माणसं बोचकी बांधून गावोगाव परतली. सांगलीत खोली मिळेना. घरमालक पागडी मागू लागले. पुढच्या साली अर्जुनाच्या मालकानंही निरोप धाडला, दिवाळीपर्यंत पागडी द्या, नाहीतर जागा मोकळी करा.

"लोकांची घरं बांधायची आन् आपुन उघड्यावर बसायचं, व्हय?" त्याची बायको राहीबाई म्हणाली.

तेवढ्यात काम चालून आलं. जागांचे व्यवहार करणाऱ्या दादासोनं नदीकडची गाळाची, मळीची जमीन घेतली होती. तिथं प्लॉट पाडून त्यानं पहिले सहा हातोहात विकले आणि त्यांवर सहा घरं बांधायचं काम अर्जुनाला दिलं. पागडीची सोय झाली म्हणून राहीबाईनं देवाला नारळ फोडला.

पहिल्या दिवशी दोरी धरून आखणी करताना अर्जुनाची नजर बांधावरच्या बाभळीकडं गेली. छातीएवढ्या उंचीवर, फांदीच्या बेचक्यात वाळलेलं पाचट अडकलं होतं.

"हे कुणी अडकवलं रं?" त्यानं मळीत जन्म काढलेल्या गुंडा नावाच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"नदीनं. लय वर्सं झाली," गुंडा म्हणाला.

अर्जुना तडक दादासोकडं गेला. जोतं छातीएवढं उंच घालू, असं म्हणाला. दादासो हसला. "आरं गड्या, तू दुष्काळी मुलखातला. तुला पूर काय ठावं? एवढ्या दगडाचा पैसा गिऱ्हाईक देनार हाय का? गुडघ्याएवढं घाल आन् मोकळा हो."

गप्प बसला असता तर खोली राहिली असती. पण उद्या त्या घरात कुणाची पोरं निजणार, हे डोक्यातून जाईना. त्यानं काम सोडलं. दादासोनं दुसरा मिस्त्री लावला. दिवाळीनंतर अर्जुना आणि राहीबाई गावाबाहेर वीटभट्टीवरच्या झोपडीत राहायला गेले. राहीबाईनं चार दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. पाचव्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, "काम सोडलं ते बरं केलं. पर आधी मला सांगायचं हुतं."

एक दिवस भट्टीवर लीलाबाई आल्या. कासेगावकडच्या, ऊस पिकवणाऱ्या घरातल्या. नवरा मानसिंग लढाईवर इटलीत. पोरांच्या शाळेसाठी त्यांनी मळीतल्या त्या सहांपैकी एक प्लॉट घेतला होता.

"मिस्त्री, तुमी काम का सोडलं?"

अर्जुनानं बाभळीची हकिकत सांगितली. बाई म्हणाल्या, "मग माझं जोतं तुमी म्हणाल तेवढं घाला. एक खोली कमी झाली तरी चालंल."

लढाईपायी सिमेंट मिळत नव्हतंच, दगड आणि चुन्यात जोतं चढलं. आठ पायऱ्या झाल्या. शेजारचे लोक हसायचे, लीलाबाईंनी घर बांधलं का देऊळ? दोन पावसाळे गेले, पाणी काही आलं नाही. लोकांचं हसणं वाढलं. अर्जुनाला तर त्या बाजूनं जायची लाज वाटू लागली. लढाईवरच्या माणसाची एक खोली आपण भीतीपायी मातीत घातली, असं त्याला राहून राहून वाटे.

शेचाळीसच्या श्रावणात सकाळी भट्टीवर बातमी आली, मळीत पाणी शिरलं. अर्जुना तसाच पळत सुटला. चढावर पोलिसांनी दोर बांधून रस्ता अडवला होता. पलीकडं नुसतं तांबडं पाणी आणि त्यात छपरं. दोन छपरं तर त्याच्या डोळ्यांदेखत बसली. लीलाबाईंचं घर झाडीआड, दिसेना.

दुपारी माणसं आणायला गेलेली पहिली नाव परतली. पोरं उतरली, मग म्हाताऱ्या. नाव पुन्हा गेली, पुन्हा आली. शेवटच्या फेरीला लीलाबाई आल्या, काखेत कुणाचं तरी तान्हं पोर.

"वैनी, सगळी हायती?" अर्जुना दोराखालून नावेकडं धावला.

"सगळी हायती. सा घरची माणसं माझ्या सोप्यात बसली हुती. शेळ्यासुदिक वर घेतल्या. पाणी सातव्या पायरीपतूर आलं आन् थांबलं."

अर्जुना तिथंच चिखलात बसला आणि हमसून हमसून रडला. दोन वर्षांचं ओझं उतरलं होतं.

पूर ओसरला. बाकीच्या पाच घरांच्या भिंती विरघळल्या होत्या. मळीचं नाव काढलं की लोक मागं सरत. राहिलेले प्लॉट कुणी घेईना. दादासो येईल त्या किमतीला देऊ लागला. ज्याला उभ्या जन्मात सांगलीत वीतभर जागा परवडली नसती, त्या अर्जुनानं लीलाबाईंच्या शेजारचा प्लॉट घेतला.

"आवं, पाण्यातच जागा घ्यायची?" राहीबाई म्हणाली.

"पाणी कुठवर येतं ते आता ठावं झालं. आपुन त्याच्या वर ऱ्हायचं."

तोवर लीलाबाईंचा नवरा मानसिंग फौजेतून सुटून आला होता. पहिल्याच दिवशी सदरा काढून तो अर्जुनाबरोबर दगड वाहू लागला. पडलेली घरंही पुन्हा उभी राहिली, सगळी उंच जोत्यावर. अर्जुनाचं पाहून आणखी चार गवंड्यांनी तिथं जागा घेतल्या आणि लोक त्या भागाला गवंडी गल्ली म्हणू लागले.

एकोणपन्नासपर्यंत जागांचे भाव पुन्हा चढले. एकदा एक हळदीचा व्यापारी दारात आला, घर विकता का म्हणून विचारू लागला. अर्जुना तोंड उघडणार, तोच राहीबाई आतून म्हणाली, "न्हाई इकायचं. बसा, च्या घ्या आन् जावा."

अर्जुनानं त्याला बसायला घोंगडं टाकलं.