तू म्हणून सांगतो

कॉलेजात इंग्रजीच्या तासाला आम्हांला एक जुनी शोकांतिका होती. तिच्यातला प्रधान राजाला त्याच्या सख्ख्या भावाविरुद्ध भडकवतो आणि राज्य बुडवतो. प्रोफेसरांनी निबंध घातला : खलनायकाचे गुणच त्याचे दोष कसे ठरतात. त्यांचं म्हणणं असं, की प्रधानाची स्मरणशक्ती, माणसं ओळखण्याची नजर, ज्याच्या त्याच्या मनासारखं बोलण्याची हातोटी, यांनीच शेवटी त्याचा घात होतो. प्रत्येकाला वेगळं सांगितलेलं असतं, त्यामुळे दोन माणसं समोरासमोर बोलली की तो उघडा पडतो.

मी उभा राहिलो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे नुसतं उभं राहायलाही धीर लागे. "पण सर, ती दोन माणसं बोललीच नाहीत तर?"

"मग शेवटचा, पाचवा अंक होणार नाही," ते म्हणाले. वर्ग हसला. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

कारण असा प्रधान मी रोज पाहत होतो. गोडदेवजवळच्या मिठागरावर बाबा आणि काका कामाला होते; दोघांना मिठाचे वेगवेगळे वाफे नेमून दिलेले. तिथला मुकादम शेठशी गुजरातीत बोले, साहेब आला की चार शब्द इंग्रजीत बोले आणि आमच्याशी आमच्यासारखंच हाय-न्हाय करी. कोणाचं पोर तापानं फणफणलंय, कोणाची सून माहेरी गेलीय, सगळं त्याच्या ध्यानात असे. मी मॅट्रिक झालो तेव्हा पेढे घेऊन आलेला पहिला माणूस तोच. मला तो आवडायचा, हेही लिहायला हवं.

एकदा बांधावर त्यानं बाबांना बाजूला घेतलं. "तू म्हणून सांगतो. तुझ्या भावानं तुझे वाफे मागितलेत. दादा आता थकला, म्हणतो." बाबांनी काकांना एका शब्दानं विचारलं नाही. त्याच संध्याकाळी चार माणसांत ते बोलून बसले, "आजपासून त्याच्या उंबऱ्यात पाय ठेवणार न्हाय." आणि बाबांनी दिलेला शब्द फिरवला असं गावात कोणी पाहिलं नव्हतं.

वर्षभरानं काकांच्या मुलीचं लग्न ठरलं. मांडवाची मुहूर्तमेढ आमच्यात घरातल्या वडील भावानं रोवायची. आठ दिवस राहिले तेव्हा मी काकांकडे गेलो. ते पडवीत फावड्याला दांडा बसवत होते.

"दादा येणार न्हाय," तेच आधी बोलले. "धाकटा कामात अंग राखतो, असं माझ्याबद्दल सांगून आलाय तो मुकादमाला."

"तुम्हांला कोणी सांगितलं?"

"मुकादमानंच. म्हणाला, तू म्हणून सांगतो."

मी जवळजवळ पळतच घरी आलो. मला वाटलं, उघडा पडला. बाबा जेवत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी घास संपवला.

"माहीत हाय. त्यानं वाफे मागितलेच नव्हते."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

"मग जात का नाही तुम्ही?"

"चार माणसांत बोललो मी. आता शब्द गिळू?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो. "भावापेक्षा शब्द मोठा झाला तुम्हांला?"

"तुला शिकवीन म्हणालो होतो," ते शांतपणे म्हणाले. "शिकवला का न्हाय?"

मुकादमानं स्वतःचे गुण फारसे खर्चलेच नव्हते. त्यानं बाबांचा गुण वापरला होता. प्रोफेसरांच्या प्रश्नात ही गोष्ट कुठंच बसत नव्हती, आणि मला प्रोफेसरांचा, बाबांचा, सगळ्यांचा संताप आला होता.

मेढीच्या दिवशी मी घरी न सांगता काकांकडे गेलो. अंगणात खड्डा खणलेला होता. आंब्याचे डहाळे बांधलेली मेढ भिंतीला टेकवून ठेवली होती. काका सारखे गल्लीच्या तोंडाकडे बघत होते. भटजींनी दोनदा सांगितलं, वेळ टळतेय. मुकादम धुतलेला कोट घालून पुढंच उभा होता.

काका माझ्याकडे वळले. "तू धर. तुझ्या बापाच्या जागी."

मी विचार करू लागलो. बाबांचा अपमान होईल का? ते नमले असं लोक म्हणतील का? पूर्ण विचार केल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, या एका सवयीवर मी सगळ्या परीक्षा पास झालो होतो.

"कॉलेजवाल्याला विचार करू द्या निवांत," मुकादम म्हणाला. "तोवर पोरीला नातू होईल." माणसं हसली. हसू विरायच्या आत त्यानं मेढ उचलून खड्ड्यात उभी केली होती. काकांनी खाली मान घालून माती लोटली.

घरी आलो तेव्हा बाबा दारातच बसले होते.

"मेढ कोणी धरली?"

मी सांगितलं. ते स्वतःच्या हातांकडे पाहू लागले.

"आणि तू कुठं होतास?"

"तिथंच होतो," मी म्हणालो.