लॅमिनेट केलेली नाचण

आमच्या घरात कागद आला की त्याला प्लास्टिक चढतंच. सातबारा, रेशनकार्ड, लेकीची गुणपत्रिका, एवढंच काय, सासूबाईंच्या गुडघ्याच्या डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा. शिरूरच्या झेरॉक्सवाल्याचे माझे यजमान म्हणजे जन्माचं गिऱ्हाईक. कागद भिजू नये, फाटू नये, यापलीकडे कागदाचं काही असतं हे त्यांच्या गावीही नसतं.

मी शाळेत शिकवते आणि जुन्या परदेशी नोटा जमवते. सरसकट नाही. एका बाजूला राजा किंवा राणी आणि दुसऱ्या बाजूला त्या मुलखातला पक्षी, अशाच. बारा वर्षांत कशाबशा एकोणीस झाल्या. "बाजारात चालतात का?" हे इतक्यांदा ऐकलंय की हल्ली विचारणाऱ्याला मी चहासुद्धा देत नाही.

हा नाद लावला दौंडच्या आप्पांनी. वडिलांचे स्नेही, रेल्वेत गार्ड होते. नोट कडेनं धरायची, घडी घालायची नाही, हे त्यांनीच शिकवलं. पुढे काचबिंदूनं त्यांची नजर गेली. म्हणाले, "डोळं गेलं तर गेलं. नोट बोटानं वाचायची." आणि खरंच, अशा नोटेवर शाई किंचित उठलेली असते. राणीचे केस, गळ्यातले मणी, पक्ष्याची पिसं बोटाला लागतात. नवी नोट मिळाली की मी न्हावऱ्यावरून एसटीनं दौंडला जायची, आप्पा बोट फिरवायचे आणि बिनचूक ओळखायचे. त्यांना आता तेवढंच दिसत होतं.

एका नोटेसाठी मात्र त्यांचा जीव अडकला होता. न्यूझीलंडची एक डॉलरची, मागे नाचण. शेपटीचा पंखा उघडून बसलेली, आपल्या वडगाव रासाईला भीमेच्या काठी दिसते तिचीच बहीण. आप्पांकडे ती होती, पण क्वार्टर बदलताना हरवली. एकदा बोटाखाली यावी, एवढंच म्हणायचे. शेवटी पुण्याच्या प्रदर्शनात माझ्या दोन नोटा देऊन मी ती मिळवली. रविवारी आणते म्हणून फोन केला. "ये पोरी," आप्पा म्हणाले, "नखं कापून ठिवतो."

शनिवारी शाळेतून आले तर टेबलावर एकोणीसच्या एकोणीस नोटा. चकचकीत. कोपरे गोल कापलेले.

"लग्नाचा वाढदिवस हाय ना," यजमान हसत म्हणाले. "आता पाण्यात टाकल्या तरी काय होत न्हाई."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सासूबाई आतून आल्या. "एवढ्या हौसंनं केलं त्यानं, आन् तू वस्सकन अंगावर जाती? दुसऱ्या कुणी चुलीत घातल्या असत्या." शेजारीण म्हणाली, नशीब काढलंस बाई. झालं! एका मिनिटात ते देवमाणूस आणि मी कजाग. तशीच नोटा घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्यानं एक नोट गरम करून सोलून पाहिली, तर राणीचा अर्धा चेहरा प्लास्टिकबरोबर निघून आला. बाकीच्या तशाच उचलून घरी आणल्या.

चूक प्रेमानं केली म्हणून गिळायची, हे मला मान्य नाही. बारा वर्षं नोटांचं कपाट याच घरात होतं. या माणसानं एकदा, फक्त एकदा, एखाद्या नोटेवर बोट ठेवून पाहिलं असतं, मला विचारलं असतं की यात तुला काय सापडतं, तर ही वेळ आली नसती. राग नोटांचा कमी आणि या न विचारण्याचा जास्त आहे. अजून आहे.

रविवारी एसटीत ठरवलं होतं, नोट मिळालीच नाही म्हणून सांगायचं. पण आप्पा दारातच खुर्ची टाकून बसलेले, हात धुऊन गुडघ्यावर पालथे ठेवलेले. मला खोटं बोलवेना. नोट त्यांच्या हातात दिली.

त्यांनी बोट फिरवलं. उलटी करून पुन्हा फिरवलं. "वरचं पाकीट काढ की, पोरी."

"निघत नाही, आप्पा. घरच्यांनी लॅमिनेशन केलंय."

आप्पांचं बोट हळूहळू फिरत राहिलं. मी रडतेय हे त्यांना ऐकू गेलं असावं.

"लागली की गं," ते म्हणाले. "ही बघ, शेपटी लागली."

त्यांचं बोट राणीच्या गालावर होतं.