टॅबची खोळ

हेवा करण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही. लहानपणी मोठ्या बहिणीच्या लांब केसांचा केला, लग्नानंतर जावेच्या पाटल्यांचा केला, आणि ते सगळं यथावकाश निवलंही. पण पन्नाशी ओलांडल्यावर मी एका टॅबच्या खोळीचा हेवा करीन असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तिरोड्याच्या बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, दोन मशिनी आणि कापायचं टेबल. तीन वर्षांपूर्वी रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, दुसरं दुकान लागलं आणि ते लावलं माझ्याच शिष्येनं. माझ्या दुसऱ्या मशिनीवर बसून ती शिकली. काजं करण्यापासून कटोरी बसवण्यापर्यंत सगळं मी शिकवलं. लग्न होऊन गेली, दोन लेकरं झाली, मग नवऱ्याला इथल्या वीजकेंद्रात काम लागलं तशी परत आली. दुकान उघडलं त्या सकाळी पेढे घेऊन आली, पाया पडली.

"मावशी, तुमच्याच आशीर्वादानं करून राहिली," म्हणाली.

मी आशीर्वाद दिला, तोंड भरून दिला. पेढा मात्र तसाच टेबलावर ठेवून दिला.

पहिली दोन वर्षं तशी बरी गेली. मग तिनं काउंटरवर टॅब आणून ठेवला. माझ्याकडे डिझाइनची तीन जाडजूड पुस्तकं होती, पानं निघालेली, कोपऱ्यांना तेलाचे डाग. तिच्याकडे बायका बोट सरकवत बसायच्या आणि गळे, पाठी, बाह्या नुसत्या वाहत यायच्या. ती एका पेनानं फोटोवरच रेघ ओढून दाखवायची, गळा इथपर्यंत हवा की तिथपर्यंत. आणि त्या टॅबला एक तपकिरी खोळ होती. ती उघडली की पडदा आपोआप उजळायचा, मिटली की विझायचा. बटण नाही, काही नाही. मी मशीन चालवता चालवता ते बघायची. कितीदा तरी माझा टाका वाकडा गेला आणि उसवावा लागला.

गिऱ्हाइकं येतात तशी जातात, त्याचं मी फारसं मनावर घेत नाही. पण एक घर मला सोडायचं नव्हतं. गावाबाहेरच्या तलावाकडच्या वाटेवर एक धानशेतीवालं मोठं कुटुंब आहे. त्या घरच्या सासूची पोलकी मी शिवली, सुनेच्या लग्नातले ब्लाउज शिवले, आणि आता बावीस वर्षांनी त्या सुनेच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. धान निघाले की लग्न. नवरीचा ब्लाउज माझाच, हे मी मनात कधीच धरून ठेवलं होतं. आणि एक दिवस ती आई दुकानात येऊन म्हणाली, "ताई, पोरगी म्हणते का टॅबवर पाहीन, मंगच सांगीन."

"माझाही टॅब येऊन राहिला न," मी ठोकून दिलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण जीभ सुटली. "आणि समोरचीचं म्हणाल तर तिची शिलाई कच्ची आहे बरं. दोन धुण्यात उसवते."

ते खोटं होतं. तिची शिलाई पक्की आहे, मीच शिकवली आहे.

टॅब मागवला तो सगळ्यात स्वस्तातला, आठ इंची. खोक्यातून निघाला तेव्हा हातात मजेशीर गार लागला आणि एक दिवस मी खरंच खूश होते. दुसऱ्या दिवशी समोर पाहिलं आणि माझा टॅब मला उघडाबोडका दिसायला लागला. तिच्या टॅबला खोळ होती, काच होती, स्टँड होता, पेन होतं. माझ्याजवळ नुसता टॅब. मी दुकानाला कुलूप लावलं आणि रेल्वेनं गोंदिया गाठलं.

मोबाइलच्या सामानाच्या दुकानात भिंतभर खोळी टांगलेल्या होत्या. दुकानदारानं माझा टॅब उलटापालटा केला आणि तो मला परत दिला. "इसका कव्हर नहीं आता, बहनजी. ये मॉडेल चलता ही नहीं." मी आणखी चार दुकानं पालथी घातली. मोठ्या टॅबच्या खोळी होत्या, नावाजलेल्या टॅबच्या होत्या, माझ्या टॅबची कुठेच नव्हती. एका दुकानात कोपऱ्यांना रबरी पट्ट्या असलेली, कोणत्याही टॅबला चालणारी खोळ निघाली, पण तिच्यात माझा टॅब ढगळ झग्यातल्या पोरासारखा हलायचा. मापात न बसणारी वस्तू मी पैसे देऊन घेणं शक्यच नव्हतं. मी एक काच घेतली, एक पेन घेतलं आणि एक प्लास्टिकचा स्टँड घेतला. काच दुसऱ्याच कुठल्या तरी टॅबची होती, तिचं कॅमेऱ्याचं भोक भलतीकडेच आलं. पेन चालायचं, पण खडूची पूड लागली की अडायचं, आणि माझ्या टेबलावर खडूची पूड नाही अशी जागा कोणती? स्टँडची तर गंमतच. मशीन सुरू केली की टेबल थरथरायचं आणि टॅब स्टँडसकट हळूहळू चालत कडेपर्यंत जायचा. दोनदा मी तो अधांतरी झेलला.

राहिली खोळ. म्हटलं, बाई, तू शिंपीण आहेस न, मग रडतेस कायले? टेपनं टॅबचं माप घेतलं, लांबी, रुंदी, जाडी, अगदी कागदावर लिहून. एका पैठणीच्या ब्लाउजातून उरलेला जांभळा तुकडा होता, तो ताठ राहावा म्हणून त्याला आतून बकरम लावलं, त्यावर मऊ अस्तर, कडेला सोनेरी पायपिंग. एक सूतही कमीजास्त झालं नाही. झाकण मिटून राहावं म्हणून पर्सला लावतात तसलं चुंबकाचं बटण लावलं. टक्क आवाज करून मिटायचं. एवढी देखणी खोळ समोरच्या दुकानात नव्हती, गोंदियातही नव्हती. मी ती मुद्दाम दाराजवळ, रस्त्यावरून दिसेल अशी ठेवली.

आणि त्या दिवसापासून टॅब बिघडला. चांगला चालत असायचा आणि झाकण मागे दुमडून हातात घेतला की पडदा काळा. बटण दाबावं, क्षणभर उजळावा, पुन्हा काळा. टेबलावर ठेवला की कधी नीट, कधी नाही. मी चार्जिंग केलं, बंद करून सुरू केला, देवापुढेही ठेवला. स्वस्तातलं घेतलं की असंच होतं, असं नवरा म्हणाला, तेव्हा मी त्याच्यावरच डाफरले. खरं सांगायचं तर मला वाटलं, तिची नजर लागली. हेवा मी करत होते आणि नजर मात्र तिची लागली म्हणत होते.

नेमकी त्याच आठवड्यात नवरी आली, आई सोबत होती. साडी मोतिया रंगाची, काठावर मोरांची रांग. मी खोळ उघडली, झाकण मागे घेतलं, टॅब तिच्या हाती दिला. दोन फोटो पाहिले असतील. पडदा काळा. मी बटण दाबलं, पुन्हा काळा. पोरगी हसली नाही, ते जास्त लागलं. तिनं टॅब हळूच टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "राहू द्या जी काकू. तुम्ही कायले तरास घेता?"

आई म्हणाली, "खोळ मात्र मस्त शिवली, ताई."

दोघी रस्ता ओलांडून गेल्या. समोरची तपकिरी खोळ उघडली, पडदा उजळला, आणि तीन डोकी त्यावर वाकली. मला इतका राग आला की त्या दिवशी मी तीन गिऱ्हाइकांना उगीचच "आज नाही होणार" सांगून परत पाठवलं.

पंधरा दिवसांनी, दुपारी बाजार ओस पडलेला असताना, शिष्या माझ्या दारात. हातात पिशवी, तोंड उतरलेलं. पिशवीतून तिनं तेच मोतिया कापड काढलं, कापलेलं.

"मावशी, फसली मी," ती म्हणाली. "पाठ बराबर आली. बाह्याले कापड पुरून नाही राहिलं."

मी तुकडे टेबलावर पसरले. एका बाहीवर मोराचं डोकं येत होतं, दुसरीवर नुसती शेपटी. काठाचं कापड असलं की आधी पाठ कापायची नसते. आधी दोन्ही बाह्या मोरावर मोर ठेवून कापायच्या, मग उरेल त्यातून पाठ काढायची. एवढी एकच गोष्ट मी तिला शिकवली नव्हती. कोणालाच शिकवली नव्हती. तसलं कापड कापायच्या वेळी मी तिला चहा आणायला पाठवायची आणि ती येईपर्यंत कापून मोकळी व्हायची.

"नवरीले फोटो पाठवते म्हटलं होतं आज," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मी तिच्याकडे न बघता टॅब उचलला, काही तरी काम असल्यासारखा. पडदा काळा झाला. तिनं ते पाहिलं, हात पुढे करून खोळ चाचपली आणि म्हणाली, "मावशी, ह्याच्यात चुंबक टाकलं का तुम्ही?"

"बटण आहे."

"मंग काऊन नाही बंद होणार! टॅब खराब नाही जी. चुंबक जवळ आलं का पडदा बंद होते. माझ्या खोळीतही आहे, पण त्याच्या नेमक्या जागी." तिनं माझ्याच कैचीनं ते बटण उसवलं आणि त्या जागी हूक लावून दिला, दोन मिनिटांत. पडदा लख्ख राहिला. तिला ठाऊक असलेलं तिनं लगेच सांगून टाकलं. मी आभार मानले नाहीत. मला तिचा आणखीच हेवा वाटला, आधी नव्हता एवढा.

"ठेवून जा," मी म्हटलं.

"मी बसून पाहू का?"

"नको. उद्या ये."

ती गेल्यावर मी तुकडे पुन्हा टेबलावर मांडले. एक कैची जराशी चुकली असती तर विषय संपत होता, आणि ते मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या घरच्या पोरीच्या बाहीवर मोर तुटलेला दिसावा हे मला सोसलं नसतं. पुढच्या पट्टीच्या आतलं कापड काढलं, तिथे दुसरं लावलं. निघालेल्या चिंचोळ्या तुकड्यांचा काखेत असा जोड दिला की हात वर केल्याशिवाय दिसू नये. मोरापुढे मोर आला, पाठीवरून बाहीपर्यंत सरळ रांग. शिवताना एकच विचार होता: आई ओळखेल. बावीस वर्षं माझे टाके अंगावर घालते ती. एकदा उलटून पाहील आणि म्हणेल, हा तर ताईंचा हात.

लग्न झालं. आठ दिवसांनी ती आई बुंदीचे लाडू घेऊन आली. फोटो तिनं माझ्या टॅबवर पाठवले, मोठे दिसतात म्हणून. नवरीचा पाठमोरा फोटो आला तशी तिनं दोन बोटांनी तो मोठा केला.

"पाहा मोर," ती म्हणाली. "कसे जुळवले."

"हो," मी म्हटलं आणि थांबले.

"तुम्ही म्हणत होत्या न, शिलाई कच्ची आहे म्हणून. तर मी उलटून उलटून पाहिलं. एक टाका कच्चा नाही. राग नका मानू ताई, पण इतकं साफ काम तुमच्या हातचंही नाही पाहिलं मी."

 ते मोर मीच जुळवले असं सांगितलं असतं तर मत्सरानं बोलते म्हणाली असती. आणि मत्सर तर होताच, तिच्याच कानावर मी तो घातला होता.

"आता बाकीचेही तिच्याकडंच टाकतो म्हणते," ती जरा चाचरत म्हणाली. "माझा मापाचा ब्लाउज तुमच्याकडं आहे न? तेवढा द्या."

मी कपाट उघडलं. मापाचा ब्लाउज काढला, घडी सरळ केली, तिच्या हातात दिला. ती पायरीपर्यंत पोचली तेव्हा मला राहवलं नाही.

"तिला सांगा," मी म्हटलं, "डावा खांदा दोन सूत उतरता आहे. त्या बाजूला आतून जास्तीची पट्टी लागते."

ती वळली. "कोणाचा? माझा?"

"तुमचा."

"नाही बापा," ती म्हणाली. मग तिनं पिशवी खाली ठेवली आणि उजव्या हातानं आपला डावा खांदा चाचपून पाहू लागली.