बाबांना न दाखवलेला लेख

मीरा रोडच्या एका साप्ताहिकात मी सदर लिहितो. नोकरी विमा कंपनीत, लिहिणं हौसेचं. पानभर क्लासच्या जाहिराती आणि उरलेल्या कोपऱ्यात मी. तरी सोसायटीत लोक 'रायटर साहब' म्हणून हाक मारतात आणि मला ते भारी आवडतं. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्या आवडण्यापायीच झालं.

बाबा मुंबईच्या छापखान्यात प्रुफं तपासायचे. गुरुवारी संध्याकाळी मी लेखाची प्रिंट त्यांच्यापुढे ठेवायची, त्यांनी लाल पेनाने तपासायची आणि शुक्रवारी मी लेख पाठवायचा, हा आमचा शिरस्ता. लेखापेक्षा ते मलाच जास्त तपासायचे. इथल्याच किनाऱ्यावरच्या चौक या कोळ्यांच्या गावात वाळत घातलेल्या बोंबलांवर मी घरबसल्या रसभरीत लिहिलं, तर म्हणाले, "गेला होतास का तिथे?" नव्हतो गेलो. रविवारी मला बसने पिटाळलं.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी ते फिरून उशिरा परतले. घामाघूम. पेणकरपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या सगळ्या विंग एकसारख्या. ते शेजारच्या विंगमध्ये चौथ्या मजल्यावर गेले आणि आपलंच घर समजून परक्या दाराला किल्ली लावत राहिले. आतल्या बाईंनी दार उघडलं, पाणी दिलं, खाली आणून सोडलं. हे त्यांनी मला खोलीचं दार लावून घेऊन सांगितलं.

"कुणाला सांगू नकोस. सुनेलासुद्धा नाही."

"काहीतरीच काय बाबा! कशाला सांगेन?" मी म्हणालो.

पुढच्या गुरुवारपर्यंत मला विषय सुचला नव्हता. ऑफिसात लंच टाइममध्ये बसलो आणि एका दमात लिहून काढलं. बाबांच्या जागी 'ओळखीतले एक आजोबा' घातले. ते परक्या सोफ्यावर ऐसपैस बसतात, चहा मागतात आणि त्या बाईंना सून समजून पाणचट चहाबद्दल झापतात. सोफा, चहा, झापणं, सगळं माझ्या पदरचं. लिहिताना एकटाच हसत होतो. आणि प्रिंट न काढता लेख तिथूनच पाठवून दिला. घाई होती, असं स्वतःला सांगितलं. घाई कसली डोंबलाची! बाबांना का दाखवत नाही, ते मला पक्कं ठाऊक होतं.

लेख गाजला. सोसायटीच्या ग्रुपवर फिरला, आणि आजोबा कोण ते शेजारच्या विंगमधल्या बाईंमुळे सगळ्यांना कळलं. सांगायलाही लाज वाटते, पण पहिला अख्खा दिवस मी खुशीत होतो.

दुसऱ्या संध्याकाळी मी ऑफिसातून येत होतो. गेटजवळच्या बाकावर बाबा नेहमीच्या मंडळींत बसले होते. कुणीतरी म्हणालं, "अंकल, आज चाय कौनसे विंग में?" सगळे हसले. बाबाही हसले. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. ते काठी घेऊन उठले आणि माझ्याआधी लिफ्टमध्ये शिरले.

त्यानंतर ते खाली उतरलेच नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. बायकोने मलम आणलं. रोज रात्री जेवणं झाली की मी ते त्यांच्या गुडघ्याला चोळायचो. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. ते त्यांना माहीत होतं, मलाही. तरी मी चोळत होतो, कारण माफी मागण्यापेक्षा ते सोपं होतं. मान वर करून त्यांच्याकडे बघायची मात्र माझी हिंमत होत नव्हती.

पुढचा गुरुवार आला. मी नव्या लेखाची प्रिंट नेहमीसारखी त्यांच्यापुढे ठेवली, वर लाल पेन. त्यांनी चष्म्याचं घर हातात घेतलं, उघडलं नाही. कागद हलकेच माझ्याकडे सरकवला.

"राहू दे," म्हणाले. "आता छापून आल्यावर वाचीन. सगळ्यांबरोबर."